सगळे फोटो कुणाचे?

"फोटो माझे आहेत, साहेब. मी काढलेत," प्रांजली न्यायाधीशांना म्हणाली.

समोर काकासाहेब ठेकेदार मिशीला पीळ देत बसले होते. दुष्काळात वाड्यावस्त्यांना सरकारी ठेक्यावर टँकर पुरवायचे आणि बीड बायपासला इमारती उभ्या करायच्या, असे दोन्ही धंदे जोरात. आपल्या कामाचे फोटो त्यांनी पैसे मोजून प्रांजलीकडून काढून घेतले होते. तिने ते स्वतःच्या नावाने प्रदर्शनात लावले आणि गडी भडकला. सरळ दावाच ठोकला.

"ताई, पैसे देऊन काढून घेतलेला फोटो देणाऱ्याचाच ठरतो. तुमच्याकडं लेखी करार नाय," वकील सोमनाथने तिला समजावलं होतं. "माफी मागून मिटवून टाकू."

"मिटवायचं नाय. निकाल पाहिजे. अन् एकूणएक फोटोचा पाहिजे."

पोरगी हट्टाला पेटली होती. तिची आत्या सखूबाई मेंढरं शेजारणीवर सोपवून देवगाव रंगारीजवळच्या वाडीहून प्रत्येक तारखेला यायची. वाडीत प्यायला पाणी नव्हतं, तरी यायची.

प्रांजलीच्या आग्रहाखातर सोमनाथने एकेक फोटो काकासाहेबांपुढे धरला.

"हा कुणाच्या सांगण्यावरून काढला?"

"माझ्या."

"आणि हा?"

"त्यो बी."

शेवटचा फोटो त्यांच्या नव्या बारा मजली इमारतीचा होता. काकासाहेबांची छाती फुगली.

"ह्यो तर माझ्या बिल्डिंगचाच! मी सोता तिथं उभा व्हतो. माझ्या हुकमाबिगर हिनं बटनाला बोट लावलं नाय. लिहून घ्या, साहेब."

साहेबांनी लिहून घेतलं. निकाल लागला. सगळे फोटो काकासाहेबांचे.

व्हरांड्यात ते प्रांजलीपाशी थांबले. "पोरी, कॅमेरा हातात आला म्हंजी मालकी येत नसती."

ते गाडीत बसून गेले. सखूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हरलो का गं?"

"नाय आत्या. आता ह्यो फोटो खोटा हाय म्हणायला त्याला तोंड ऱ्हायलं नाय. चल, कलेक्टर हापिसात जाऊ."

प्रांजलीने मोबाइलवर इमारतीचा तोच फोटो उघडला आणि खालचा कोपरा मोठा करून आत्याला दाखवला. तिथे त्यांच्याच वाडीच्या नावाची पाटी लावलेला टँकर उभा होता आणि त्याचा पाइप इमारतीच्या हौदात सोडलेला होता.