वादविवादाचा विषय

इतिहास पुराव्यांवर उभा असतो, असं मधु सबनीस म्हणाले आणि दिवाणखान्यात सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. त्यांचा पुरावा सकाळीच व्हॉट्सॲपवर आला होता.

दोह्यातल्या अबू हमूर भागातल्या त्यांच्या व्हिलात शुक्रवारी दुपारी मराठी मंडळाची बैठक चालली होती. मुलांच्या वादविवाद स्पर्धेसाठी सबनीसांनी विषय सुचवला होता : 'हिटलरने साठ लाख ज्यू मारले – सत्य की अफवा?'

"म्हणजे अफवा असेलही?" रूबेन पेणकरांनी विचारलं. त्यांची नाओमी स्पर्धेत होती.

"ते मुलं ठरवतील. क्रिटिकल थिंकिंग! मी आपला इंजिनिअर माणूस. साठ लाख हा आकडाच मला प्रॅक्टिकल वाटत नाही."

"मारणाऱ्यांनीच नोंदी ठेवल्यात. आगगाड्यांची वेळापत्रकंसुद्धा आहेत."

"नोंदींचं मला सांगू नका. आमच्या साइटवरच्या मीच लिहितो."

"आणि कोणी कुठली बाजू मांडायची?"

"चिठ्ठ्या टाकू. एकदम फेअर."

"नाओमीला 'अफवा' आली तर?"

"तर ती अफवा म्हणेल. त्यातच तर कसब आहे, पेणकर!"

पेणकरांनी चहाचा कप खाली ठेवला. रूबेन या नावावरून मंडळाने त्यांना केव्हाच ख्रिश्चन ठरवलं होतं आणि दर नाताळला हक्काने केक मागितला होता. ते बेकरीतून आणून देत. दोह्यात ते सोयीचंही होतं.

"मी ज्यू आहे," ते म्हणाले.



"काहीतरीच!" सेक्रेटरी मालविकाताई म्हणाल्या. "तुम्ही तर पेणचे. आमचा गणपती तिथूनच येतो."

"पेणचाच. पिढ्यान् पिढ्या."

सबनीसांनी जरा विचार केला. "तुमच्या घरचं कोणी गेलं का हो त्यात?"

"नाही. आम्ही पेणला होतो."

"बघा!" सबनीस म्हणाले. पुराव्यात भर पडली होती. ते रहमान मुकादमांकडे वळले. स्पर्धेची फिरती ढाल मुकादमांनी वडिलांच्या नावाने दिली होती. "रहमानभाई, तुम्ही बोला. तुम्हाला तर पटेलच."

"मला का पटेल?"

"नाही, म्हणजे... आपलं जनरल."

"आमचा बापूस रेवदंड्याला यहुद्यांच्या घाण्याचं तेल खाऊन वाढला," मुकादम म्हणाले. "शनवारी घाणा बंद, म्हणून शुक्रवारीच बाटली भरून आणायचा. त्याच्या नावाची ढाल असल्या विषयाला मिळायची नाही. खलास."

दुसरी ढाल इतक्यात कुठून आणायची, यावर थोडी चर्चा झाली. मग मालविकाताई म्हणाल्या, "विषयच बदलू या ना. उगाच वाद नको."

वादविवाद स्पर्धेत वाद नको, यावर एकमत झालं. साठ लाख माणसांचं मात्र काही ठरलं नाही.

दाराशी पेणकर बूट घालत होते. सबनीस त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका हं. मी तर इस्रायलचा केवढा फॅन आहे! पुण्याच्या ग्रुपवर कोणालाही विचारा. इथे आपलं जरा..."

"मी पेणचा आहे," पेणकर म्हणाले आणि त्यांनी दुसरा बूट घातला.

स्पर्धा 'मोबाइल – शाप की वरदान?' या विषयावर झाली. नाओमीला 'शाप' आला. ती तिसरी आली. स्पर्धक तीनच होते.