आंबाडी कुणी खुडली

“आंबाडी तुम्हीच खुडली का, रत्नम्मा?”

वर्षाराणीनं आवाज चढवला नव्हता. परसबागेच्या भिंतीवरून तिनं अगदी गोडीनं विचारलं. पण मागं गल्लीतल्या बायका उभ्या होत्या, आणि त्या सगळ्यांनी माना वळवून भिंतीपलीकडं पाहिलं.

उदगीरच्या त्या गल्लीत वर्षाराणीच्या परसबागेचं मोठं नाव होतं. त्या दिवशी तिनं महिला मंडळाच्या बायकांना जेवायला बोलावलं होतं. ताटातलं सगळं बागेतलं. दोडक्याच्या शिरांची चटणी, भरली वांगी, पुदिना घातलेलं ताक आणि मानाची म्हणून कण्या घालून आंबाडीची भाजी. सकाळी टोपली घेऊन ती वाफ्यापाशी गेली, तर आंबाडीचे नुसते देठ उरले होते. पावसाळाभर असंच चाललं होतं. कधी चुका जाई, कधी कोवळी वांगी, कधी मूठभर मिरच्या.

भिंतीपलीकडं, वर्षाराणीच्या घराला लागूनच असलेल्या पत्र्याच्या खोलीत रत्नम्मा एकटी राहायची. बिदरकडची, नवरा वारलेला. गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवून पोट भरायची. ती धुणं वाळत घालत होती. तिनं उघड्या पडलेल्या वाफ्याकडं पाहिलं. मग वर्षाराणीच्या खांद्यावरून मागच्या दाराकडं पाहिलं. तिथं वर्षाराणीची सासू केवळाबाई चौकट धरून उभी होती.

“हाव,” रत्नम्मा म्हणाली. “मीच घेतली.”

मागितली असती तर मी नाही म्हटलं नसतं, एवढंच वर्षाराणी बोलली. बायकांना तिचं मोठं मन फार आवडलं. जेवताना दुसरा विषयच नव्हता. त्यानंतर गल्लीतले ब्लाऊज दुसऱ्या बाईकडं जाऊ लागले. रत्नम्माचं मशीन दिवस दिवस वाजेना. वर्षाराणीला थोडं वाईट वाटलं. पण चोरी ती चोरीच, असं म्हणून तिनं मन घट्ट केलं.

एका दुपारी लातूरहून दिराचा फोन आला. त्याला आईशी बोलायचं होतं. केवळाबाई रोज दुपारी महादेवाच्या देवळात जाते म्हणून सांगायची, तेव्हा वर्षाराणी मोबाइल घेऊन देवळाकडं गेली. देवळाला कुलूप होतं. दुपारी देऊळ बंदच असतं, असं समोरच्या किराणा दुकानदारानं सांगितलं. म्हातारं माणूस, कुठं गेलं असेल? शोधत शोधत ती घराच्या मागच्या बोळात आली, आणि तिला लसणाच्या फोडणीचा वास आला. रत्नम्माच्या खोलीतून.

तिनं दार ढकललं.

चुलीपुढं केवळाबाई बसली होती. भाकरी थापत होती. तिचे हात थरथरत होते, म्हणून समोर बसून रत्नम्मानं परात धरून ठेवली होती. बाजूला पातेल्यात चुका शिजत होता. केवळाबाईच्या तोंडावर असं समाधान होतं, की तसं वर्षाराणीनं कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. सुनेला पाहताच ते विझलं. पिठाचे हात पदराखाली गेले.

“मी गॅसला हात न्हाई लावला, वर्षा,” ती घाईनं म्हणाली. “चूलच हाय ही.”

वर्षाराणीला तोंड लपवावंसं वाटलं. उन्हाळ्यात एकदा सासूच्या हातून गॅस सुरूच राहिला होता. तेव्हापासून तिनं केवळाबाईला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. ही काळजीच आहे, असं ती स्वतःला सांगत आली होती. पण बाग? अहमदपूरकडचं गाव सोडताना केवळाबाईनं चिंधीच्या गाठीत बी बांधून आणलं होतं. आंबाडी, चुका, वांगी, सगळं तिनंच लावलं. वर्षाराणी भाज्यांचे फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकू लागली, आणि बाग हळूहळू सुनेची झाली. जिनं लावलं, तिलाच चार पानं पदरात लपवून न्यावी लागत होती. आणि आळ भलतीवर गेला होता.

तिनं रत्नम्मापुढं हात जोडले. उद्याच सगळ्या बायकांना घरी बोलावून खरं काय ते सांगते, म्हणाली.

रत्नम्मानं केवळाबाईकडं पाहिलं. अव्वा त्याच दिवशी कबूल करायला निघाल्या होत्या, पण मीच त्यांना अडवलं, एवढं तिनं सांगितलं.

“का?” वर्षाराणीनं विचारलं. “तुमचं काम गेलं. गल्लीत चोर ठरलात. का अडवलंत?”

रत्नम्मानं परात पुन्हा दोन्ही हातांनी धरली. केवळाबाईला डोळ्यांनीच थापायला सांगितलं. मग ती वर न बघता म्हणाली,

“मला तुम्ही एकदाच बोललात, वहिनी. अव्वांना रोज बोलता. भिंत पातळ हाय. मला समदं ऐकू येतंय.”