मुक्कामाच्या गाडीचं वजन

"गाडीत माणसं किती होती?" मानसिंगनं तिसऱ्यांदा विचारलं.

ड्रायव्हर आकारामनं टोपी हातात फिरवली. "गावालाच इचारा, सायेब," त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं आणि मान खाली घातली.

मानसिंग एसटी खात्याचा नवा इंजिनिअर. सांगलीच्या कॉलेजातून बाहेर पडून वर्ष झालं नव्हतं आणि ही त्याची पहिलीच चौकशी. कोरेगावपासून सात मैलांवरच्या या गावात रोज संध्याकाळी मुक्कामाची गाडी यायची आणि पहाटे परत जायची. बारा दिवसांपूर्वी ती गावाबाहेरच्या वळणावर पुलाच्या कठड्याला धडकली. कठडा ओढ्यात गेला. आकारामनं गाडी मागं घेतली आणि चेपलेल्या नाकासकट कोरेगावला नेली. त्या वळणावर ताशी पस्तीस किलोमीटरची मर्यादा होती. वेग त्याहून जास्त ठरला, तर आकारामची नोकरी गेलीच म्हणायची. घरात खाणारी तोंडं सहा.

दुसरा कुणी साहेब असता तर चहा पिऊन अंदाजानं शेरा मारून मोकळा झाला असता. मानसिंगला गणिताचं वेड. उरलेल्या कठड्याची मापं घेऊन, दगडचुन्याच्या ताकदीचे तक्ते उघडून त्यानं दोन दिवस घाम गाळला होता. कठडा पाडायला साडेचार लाख ज्यूल ऊर्जा लागली. ती आली गाडीच्या गतीतून. आता गाडीचं वजन कळलं की वेग हातात.

गुऱ्हाळाच्या मांडवात गाव जमलं होतं. मानसिंगनं कोळशानं भिंतीवर गणित मांडलं आणि उत्साहानं समजावून सांगितलं. गतीतली ऊर्जा वजनावर अवलंबून, आणि वेगाच्या वर्गावर. ऊर्जा तेवढीच धरली, तर गाडी जड असल्यास वेग कमी निघतो, हलकी असल्यास जास्त. रिकामी गाडी धरली तर आकडा चाळीसच्या वर जात होता.

भिंतीवरच्या चाळीसकडं बघून मांडवात कुजबुज झाली. मग सरपंच हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला.

"गाडी खच्चून भरल्याली हुती," ते म्हणाले. "मी सोता हुतो."

हंबीररावांच्या दारात स्वतःची मोटरसायकल असे. त्या दिवशी ती बिघडली होती, असं त्यांनी न विचारताच सांगितलं.

तिकिटं का फाडली नाहीत, हा प्रश्न मानसिंगनं कंडक्टर ज्ञानूला आधीच विचारला होता. गाव सुटताच धडक झाली आणि पुढं कुणालाच शुद्ध नव्हती, असं ज्ञानूचं म्हणणं. त्याबद्दल त्याला लेखी ताकीद मिळाली होती आणि ती त्यानं हसतमुखानं घेतली होती. एवढ्या गर्दीत एकालाही खरचटलं नाही, ही ग्रामदैवताची कृपा.

"मग प्रत्येकाचं वजनच करू," मानसिंग म्हणाला. त्याला आनंद लपवता येत नव्हता.

गुळाच्या ढेपा तोलायच्या काट्यावर हंबीरराव पहिले चढले. ब्याऐंशी किलो. मागोमाग रांग लागली. ज्ञानू आकडा ओरडायचा, मानसिंग वहीत लिहायचा आणि दर पाच माणसांमागं भिंतीवरचा वेग पुसून नवा मांडायचा. वेग एकोणचाळीसवर आला, मग साडेअडतीसवर. वेग उतरला की मांडवात टाळ्या पडत. काटकुळा माणूस काट्यावर चढला की लोक उसासे टाकत.

साळूबाई चढली तेव्हा काटा जरा जास्तच हलला. तिच्या ओच्यात वरवंटा निघाला. त्या दिवशी पाथरवटाकडून टाकी लावून घ्यायला कोरेगावला नेत होते, असं ती ठामपणे म्हणाली. मानसिंगनं वरवंटाही धरला. गणितात अन्याय नको.

अडतीस माणसं झाली आणि वेग छत्तीसवर येऊन थांबला. रांग संपली होती. आकाराम खांबाला टेकून जमिनीकडं बघत होता. एकच किलोमीटर आडवा येत होता.

हंबीररावांनी हळूच कुणाला तरी खुणावलं. घटकाभरात उसाच्या फडातून माणसं धावत आली, कोयत्यांसकट, धापा टाकत. आपण गाडीत होतो हे सांगायचं राहूनच गेलं, म्हणाली. सगळ्यात शेवटी सयाजी पैलवान आला. एकशे चार किलो. मानसिंगनं बेरीज केली, भागाकार केला, वर्गमूळ काढलं, पुन्हा तपासलं.

"चौतीस पूर्णांक नऊ," तो म्हणाला आणि त्यानं आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

मांडव दणाणला. कुणी हलगी आणली, कुणी गरम गूळ पानावर वाढला. आकाराम मटकन खाली बसला आणि रडला. मानसिंगनं त्याच उत्साहात अहवाल पुरा केला, 'वेग मर्यादेत, चालक निर्दोष' असं लिहून सही ठोकली. त्याचंही मन भरून आलं होतं. पुस्तकातलं सूत्र एका माणसाच्या भाकरीच्या उपयोगी पडलं होतं.

तेवढ्यात कोरेगावहून आलेली बैलगाडी मांडवाशी थांबली. बयाबाई उतरली, छातीशी तान्हं मूल घेऊन. सरकारी दवाखान्यातून ती आत्ताच घरी येत होती. हलगी थांबली.

"तुम्हीही होता का त्या गाडीत?" मानसिंगनं विचारलं.

"व्हय की," ती म्हणाली.

"या मग, चढा काट्यावर. तुमच्यानं आकडा आणखी खाली येईल." मानसिंगनं वही पुन्हा उघडली. हंबीरराव मधे काहीतरी बोलायला गेले, पण बयाबाई चढलीसुद्धा. "आणि बाळाचं वजन धरू की नको?"

"धरा की सायेब," बयाबाई म्हणाली. "ह्यो तवा प्वाटात आडवा हुता. डाक्तरीण म्हनली, जरा उशीर झाला आस्ता तर दोघंबी गेलो आस्तो. आमा दोघांसाठी आकारामदादानं सारी रिकामी गाडी पळवली."