चार पदरी फडकं

पहिली बादली शेवग्याच्या आळ्यात ओतून सपना दुसरी उचलायला आली, तर कमलबाई फडकं घेऊन बादलीपाशी हजर.

सपनानं कपाळाला हात लावला. माशांच्या टाकीतलं घाण पाणी, तेही झाडाला घालायचं, अन् सासूबाईंना ते गाळून पाहिजे! आता काय म्हणावं या बाईला? लहानपणी साखरा गावच्या विहिरीचं पाणी पिऊन कमलबाईंच्या पायाला नारू झाला होता. दोऱ्यासारखी लांब अळी, काडीवर रोज थोडी थोडी गुंडाळत महिनाभर ओढून काढली होती. घोट्यावरचा व्रण अजून आहे. पुढं नारू देशातून गेला, कळमनुरीच्या या घरात पाणी शुद्ध करायचं मशीन आलं, तरी स्वयंपाकघरातल्या नळाच्या तोंडाला कमलबाईंचं फडकं होतंच. परवा सपनानंच ते सोडून त्यांच्या हातात दिलं. शाळेतल्या बाया चहाला यायच्या होत्या; आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईच्या घरात नळाला चिंधी, बरं दिसतं का? कमलबाईंनी फडकं धुऊन, घडी घालून उशाखाली ठेवलं. ती उशाखालची घडीच सपनाला दोन दिवस टोचत होती.

त्यात आज ही काळी मासोळी. टाकी सपनाच्या लेकीची, ऐश्वर्याची. शिकायला नांदेडला जाताना आईला दहादा बजावून गेली होती, माझे मासे सांभाळ. उद्या ती घरी येणार, अन् तिची लाडकी मॉली सकाळपासून कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेली. आठ दिवस पोट टम्म फुगलेलं होतं, आज एकदम खपाटीला गेलं. मरते की काय आता? लेकीला कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून तर सपनानं घाईघाईनं नळी लावून टाकीतलं अर्धं पाणी काढलं होतं.

वाद घालायला वेळ नव्हता. कमलबाईंनी रिकाम्या बादलीवर फडकं ताणून धरलं, सपनानं वरून पाणी ओतलं. फडक्यावर नेहमीचा गाळ उरला, अन् त्यात आठ-दहा काळे ठिपके. कमलबाई फडकं झटकणार, तेवढ्यात त्यांचा हात थांबला.

"सपना, याला डोळे हायेत."

सपना वाकली. खरंच की! जिऱ्याएवढाले जीव, ओल्या फडक्यावर तडफडत होते. ती धावत जाऊन पाण्याची वाटी घेऊन आली. कमलबाईंनी फडक्याचं टोक वाटीत बुडवलं, अन् ठिपके सुटून पोहायला लागले. नऊ होते. परत टाकीत सोडले तर तिथला चपटा, पट्ट्यापट्ट्याचा मासा एका घासात गिळणार, हे सपनाला ठाऊक होतं. तिनं लोणच्याची धुतलेली बरणी खाली काढली.

कमलबाई टाकीपाशी गेल्या अन् काचेला नाक लावून काळ्या मासोळीकडं बघत राहिल्या.

"मरत न्हाई ती," त्या म्हणाल्या. "ओली बाळंतीण हाये."

सपनाला काही पटेना. ही जात अंडी न घालता थेट पिलंच देते हे खरं, पण हिचा नर तर पोळ्यालाच मेला, तेव्हापासून ही एकटीच आहे, असं ती म्हणाली.

"धम्मानंद पोटात व्हता तवाच त्याचा बाप गेला," कमलबाई म्हणाल्या. "मी बी एकटीच व्हते."

धम्मानंद म्हणजे सपनाचा नवरा. ही गोष्ट तिला लग्नाआधीपासून माहीत होती, पण सासूच्या तोंडून ती आज पहिल्यांदाच ऐकत होती.

कमलबाईंनी विचारलं, "पयली बादली कुठं वतली तू?"

दोघी अंगणात धावल्या. आळ्यात पाणी अजून होतं, पण जमीन ते भराभर पिऊन टाकत होती. सत्तरी गाठलेली बाई, गुडघे धड वाकत नाहीत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. ती सरळ चिखलात बसली अन् चमचा मागितला. सपना डोळे फाडफाडून बघत होती, तिला गढूळ पाण्यापलीकडं काही दिसत नव्हतं. कमलबाईंनी एकदा चमचा घातला, एक जीव वर आला. खूप वेळानं दुसरा. तिसरा आला तो हललाच नाही. तळहातावर त्यांनी त्याला जरा वेळ तसाच धरला, मग शेवग्याच्या मुळाशी बोटानं माती उकरून आत ठेवला.

सपना त्यांच्याकडं बघतच राहिली. वर्गात आपण पोरापोरींना सांगतो, नीट निरीक्षण करा. अन् गाळायचंसुद्धा न सुचता पहिली बादली ओतली ती आपणच. तिला स्वतःची लाज वाटली, अन् त्याहून जास्त या चिखलात बसलेल्या बाईचा अभिमान वाटला. हात देऊन तिनं कमलबाईंना उठवलं, पाय धुवायला पाणी दिलं.

संध्याकाळी फोनवर बरणी बघून ऐश्वर्या हरखून गेली. आईशी दोन शब्द बोलली असेल नसेल, फोन आजीलाच द्यायला लावला. आजी-नातीचं बोलणं लांबलं, तसं सपनानं ते फडकं साबण लावून धुतलं, पिळलं, अन् स्वयंपाकघरात जाऊन नळाच्या तोंडाला बांधलं.

फोन ठेवून कमलबाई दारात आल्या. नळाकडं बघितलं. जवळ येऊन गाठ चाचपली.

"दोन पदरी बांधलं व्हय?" त्या म्हणाल्या. "सोड. चार पदरी कर. दोन पदरातून निसटतंय."

सपनानं गाठ सोडली.