एकशे अठरा नंबरची सायकल

चष्मेवाल्याने आपली सायकल खुंटीला अडकवली आणि शेजारची पाहून त्याचं तोंड कडू झालं. नंबर एकशे अठरा. लाल, हलकी, महागडी. साडूची.

"काय चष्मेवाले, झोप झाली ना?" साडू पंपाने चाकात हवा भरत होता.

"झाली की."

"आज बघाच तुम्ही. गंमत आहे."

गंमत! साडू दातांचा डॉक्टर. सासरी गेली बारा वर्षं त्याला 'डॉक्टर' म्हणत आणि याला 'आपले चष्मेवाले'. डॉक्टरांची गाडी, डॉक्टरांचा सल्ला, डॉक्टरांचं पोहणं. सासूबाईंच्या नाकावरचा चष्मा याने फुकट दिलेला, पण त्यातून त्यांना दिसायचे ते डॉक्टरच.

तेही एक वेळ चाललं असतं. पण गेले चार महिने बायकोलाही डॉक्टरांचं वेड लागलं होतं. आठवड्यातून तीनदा पहाटे ताईकडे जायची. परत यायची ती ओल्या केसांनी, फुललेल्या चेहऱ्याने. "ताईकडेच न्हाले," म्हणायची. मग दिवसभर तेच पुराण. भावोजी म्हणतात, श्वास पाण्यात सोडायचा. भावोजी म्हणतात, चढावर घाई करायची नाही. इकडे हा एकटाच तळ्यात हातपाय मारायचा आणि काठावर चिटपाखरू नसायचं. तिकडे ती घड्याळ धरून साडूची वेळ मोजत असणार, याबद्दल त्याला शंका नव्हती.

ट्रायथलॉनचे फॉर्मही तिनेच भरले होते. एकशे सतरा याचा आणि लगेच एकशे अठरा.

"तो दुसरा फॉर्म तू कशाला भरलास?" त्याने विचारलं होतं.

"मग कोण भरणार?" ती हसली होती. "बघा ना, शेजारी शेजारी नंबर मिळाले."

त्याचा जळफळाट झाला होता. त्याला आयुष्यात एकच दिवस हवा होता. शेवटची रेषा, साडू मागे कुठेतरी, आणि बायको नि लेक घसा फोडून फक्त याच्यासाठी ओरडताहेत. बस.

साडू पंप उचलून निघून गेला. आवारात जो तो आपापल्या बुटांत आणि बाटल्यांत गुंग होता. चष्मेवाल्याने लाल सायकल नजरेने मोजली. सीट एरवीपेक्षा चांगली चार बोटं खाली घेतलेली. एवढा ताडमाड माणूस आणि सीट खाली! असेल काहीतरी नवीन फॅड.

त्याने पिशवीतून चिमटा काढला. चष्म्याच्या नाकाडावरच्या तारा वाकवायचा, दुकानातला. मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि आतली पिन अर्धा आटा सैल केली. आवाजसुद्धा झाला नाही. चारपाच किलोमीटर जाईल, मग बसेल. टोपण त्याने खिशात टाकलं. तेवढ्यात भोंगा वाजला आणि सगळे तळ्याकडे निघाले.

आधी पुरुष, दहा मिनिटांनी बायका. पाण्यात जिकडेतिकडे पिवळ्या टोप्या. त्यात साडू कोणता, हे काही कळेना. पण तो पोहून आला तेव्हा लाल सायकल अजून खुंटीलाच होती. डॉक्टर मागे! त्याच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं.

सायकलच्या दोन फेऱ्या होत्या. पहिली संपते त्या वळणावर घरचे उभे होते. सासूबाई, मेव्हणी आणि लेक. बायको नव्हती. कशी असेल? साडूचा टॉवेल धरून उभी असेल कुठेतरी.

"बाबा! बाबा, जोरात!" लेक ओरडली, आणि त्याच दमात म्हणाली, "बाबा, एकशे अठरा कुठंय?"

ती त्याच्या मागच्या रस्त्याकडे बघत होती. हातातली पाटी तिने छातीशी उलटी धरली होती. त्याच्यासाठी नव्हतीच ती.

स्वतःची लेक! त्याने दात खाऊन दुसरी फेरी मारली. मग तळ्याभोवती पळाला. पाय लाकडासारखे झाले तरी थांबला नाही. रेषा ओलांडली तेव्हा कुणा अनोळखी बाईने त्याच्या गळ्यात पदक घातलं. आपलं माणूस एकही नव्हतं.

एवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. "क्रमांक एकशे अठरा! चाक बसलंय, पण मैदान सोडलेलं नाही. सायकल ढकलत पहिली फेरी पुरी होतेय. होऊन जाऊ द्या टाळ्या!"

पडला तरी टाळ्या डॉक्टरलाच! तरीही त्याच्या मनात उकळ्या फुटत होत्या. असा देखावा पुन्हा मिळायचा नाही, म्हणून तो लंगडत वळणाकडे गेला. लेक रडवेली होऊन टाचा उंचावून उभी होती. तो गुपचूप तिच्यामागे जाऊन थांबला.

त्याच्या खांद्यावर हात पडला.

"काय नशीब बघा," साडू म्हणाला. अंगात इस्त्रीचा शर्ट, केस कोरडे. "चार महिने शिकवलं मी. आज स्वतःच्या हाताने हवा भरली. आणि नेमका आजच माझ्या सायकलने दगा द्यावा?"

"आई!" लेक किंचाळली आणि तिने पाटी डोक्यावर धरली. वळणावरून बायको लाल सायकल ढकलत आली. घामाने निथळत होती, गुडघा सोलवटला होता, छातीवर एकशे अठरा. एवढ्या गर्दीत तिला आधी तोच दिसला आणि ती थकलेली असूनही तोंडभर हसली. "अजून एक फेरी आहे हो माझी. नुसती पिन सैल झालीय," ती धापा टाकत म्हणाली. "तुमचा तो बारका चिमटा आणलाय ना?"