दातांची डॉक्टर

मंगलाष्टकं चालू असतानाच नवरीचे मामा कोसळले. "कोणी डॉक्टर आहे का?" आरडाओरडा झाला. मुठीतल्या अक्षता टाकून वैजयंती धावली आणि मामांची छाती दोन्ही तळव्यांनी दाबू लागली.

"कसल्या डॉक्टर तुम्ही?" वरबापाने विचारलं.

"दातांची."

"मग व्हा बाजूला. खरा डॉक्टर येतोय." कोणीतरी तिला दंडाला धरून उठवलं. ती उठली.

खरा डॉक्टर आला, तोवर मामांचे ओठ निळे पडले होते. नाडी सोडत तो म्हणाला, "छाती दाबायला कोणीच नव्हतं का?"

सोमवारी पहिला पेशंट तिच्या दवाखान्यातल्या खुर्चीत आडवा झाला. आ करून तो बराच वेळ थांबला. मग चाचरत म्हणाला, "मॅडम, छातीवरचे हात काढा ना. माझी दाढ दुखतेय."