उरलेले चाळीस

अणशीकडच्या आमच्या वाडीत जत्रा झाली की देवळात जमलेले नारळ एकेचाळीस घरांत सारखे वाटतात, आणि भागून उरतील ते वाटणाऱ्याचे. तीस वर्षं वाटप गुरुदासकडं आहे, आणि तीस वर्षांत त्याच्या बायकोनं रामनगरच्या बाजारातून एक नारळ विकत आणलेला नाही.

यंदा नारळ भरले दोन हजार नऊ. गुरुदासनं मनातल्या मनात भाग लावला आणि त्याचं तोंड उतरलं. घरटी बरोबर एकोणपन्नास जात होते, उरत नव्हता एकही.

"वाटायच्या आधी देवाफुडं एक फोडाय पायजे," तो म्हणाला. देवाच्या कामाला नको कोण म्हणणार? नारळ फुटला. आता घरटी अठ्ठेचाळीस गेले आणि बाजूला चाळीस उरले. गुरुदास पोतं झटकायला लागला.

तेवढ्यात शेजारची काशी पुढं आली. शाळा चौथीपर्यंतच शिकलेली. पिशवीतून एक नारळ काढून तिनं त्या चाळिसांवर ठेवला. "दादा, माझा नवसाचा राहिलता. ह्यो बी धरा वाटपात."

घरटी आणखी एक गेला की संपलं, हे गुरुदासला लगेच कळलं. त्यानं ढिगावरचा तोच नारळ उचलला. "नवसाचा म्हंजे, वैनी, त्याच्या नावानं अजून एक फोडाय पायजे."



"फोडा की दादा. पिशवीत अजून धा हाईत."